लाल बावटा आणि छत्तीस खटके

फोटो चांगले यावेत म्हणून जुना कॅमेरा घेतला, असं सांगणाऱ्या हौशी माणसावर माझा विश्वास नाही. तो खोटं बोलतो असं नव्हे. घरच्यांना पटेल असं कारण देतो, इतकंच. चांगला फोटो हवा असेल तर खिशातला फोन काढावा आणि मोकळं व्हावं. तरीही मंडळी चाळीस वर्षांपूर्वीचा यशिका, नाहीतर पंधरा वर्षांपूर्वीचा कोपरे झिजलेला चिमुकला डिजिटल कॅमेरा बाळगून हिंडतात. याचं कारण फोटोत नाही, कॅमेऱ्यात आहे. बोटाखाली दबणारा खटका, कुरकुरत फिरणारी चकती, पाठीमागचं झाकण उघडतानाचा तो चोरटा आवाज, रोल पुढे सरकताना अंगठ्याला लागणारी ओढ: सुख आहे ते यात. फोटो हे त्याचं निमित्त. हे उघड म्हणायला कोणी लाजू नये, एवढाच माझा मुद्दा आहे. पण हौशी माणूस लाजतो आणि मग रंगांची खोली, रचनेची शिस्त वगैरे भारदस्त कारणं पुढे करतो. ती कारणं एकेक करून तपासली पाहिजेत.

तपासायला रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्यासारखं गाव नाही, कारण फोटो काढायला म्हणून इथे कोणी येतच नाही. अलिबागला समुद्र आहे, पालीला बल्लाळेश्वर आहे, पेणला गणपतींचे कारखाने आहेत. नागोठणं हे कुठेतरी जाताना लागणारं गाव. ही त्याची नुसती आजची ओळख नव्हे. एकोणिसाव्या शतकात साहेब मंडळी मुंबईहून बोटीने अंबेच्या खाडीतून इथवर यायची आणि पुढे महाडवरून महाबळेश्वरला थंड व्हायला जायची. म्हणजे तेव्हाही लोक इथे उतरायचे ते पुढे जाण्यासाठीच. पण विषय म्हणाल तर आहेत. अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. तो १५८२च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीनने बांधला, असं सांगतात. रात्री पेट्रोकेमिकल कारखान्याच्या चिमणीवरची ज्वाला आहे. आणि मुंबई-गोवा महामार्ग आहे, ज्याच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. स्थिरचित्रणाला इतका सोयीचा विषय महाराष्ट्रात दुसरा नसेल. वर्षानुवर्षं हलत नाही. आता यातलं फोनला न जमणारं काय आहे? पूल तो सहज टिपतो. अंधारातली ज्वाला टिपायला एका क्षणात अनेक चित्रं घेऊन त्यांचं एक करतो. महामार्गावरचे खड्डे तर इतके स्पष्ट दाखवतो की तक्रारीला जोडावेत. थोडक्यात, फोनला हरवील असा विषय नागोठण्यात नाही. तरी हौशी माणूस त्या पुलाच्या कठड्याला टेकून, एक डोळा मिटून, भिंगाची कडी दीड मीटरवरून तीन मीटरवर फिरवत बसलेला असतो. पूल चारशेहून अधिक वर्षं उभा आहे, म्हणून यालाही घाई नाही.

पहिला आक्षेप दर्जाचा. फिल्मच्या चित्रात जो जीव असतो तो डिजिटलमध्ये नाही, असं म्हणतात. यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करू. पस्तीस मिलिमीटरच्या रोलवरची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या बहुतेक जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम सहा बाय साडेचार. फिल्मची चौकट त्याच्या तीसपट मोठी. फिल्मवाल्यांनी हा आकडा पाठ करून ठेवायला हरकत नाही. पण मग त्यांनी छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं कौतुक करता कामा नये, आणि नेमकी हीच मंडळी दोन्ही बाळगून असतात! आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर त्या चिमुकल्या कॅमेऱ्याच्या दुप्पट तरी असतो. जुन्या डिजिटलमधल्या सीसीडी सेन्सरचे रंग काही औरच, असंही सांगितलं जातं. रंग कसे दिसावेत हे बरंचसं कॅमेऱ्याच्या आतलं गणित ठरवतं, सेन्सरची जात नव्हे. जुन्या डिजिटलच्या बाजूने प्रामाणिकपणे एकच गोष्ट सांगता येते, ती फ्लॅशची. त्यातला झेनॉनचा दिवा क्षणाच्या अगदी बारीक भागात भपकन पेटून विझतो, त्यामुळे हळदीत नाचणारा मामा हवेत गोठतो, त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होतो आणि मागचा मांडव काळोखात बुडतो. फोनचा मिणमिणता दिवा हे करू शकत नाही. पण याला दर्जा म्हणायचं का, हे मामाला विचारावं.

दुसरा आक्षेप शिस्तीचा, आणि तो माझ्या फार डोक्यात जातो. रोलमध्ये छत्तीसच चित्रं, त्यामुळे माणूस विचार करून खटका दाबतो, नजर घडते, वगैरे. हे खरं असतं तर महाराष्ट्रातल्या घराघरातला १९८०-९०च्या काळातला अल्बम कलादालनात टांगायच्या लायकीचा असता. त्या काळी तर सगळ्यांकडेच रोल होता! भारतात तयार होणारा आगफा क्लिक थ्री तर १२० नंबरच्या रोलवर फक्त बारा चित्रं द्यायचा; म्हणजे शिस्त तिप्पट. प्रत्यक्षात अल्बममध्ये काय आहे? रांगेत सावधान उभं असलेलं कुटुंब, अर्ध्यात कापलेले आजोबा, कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट, आणि सूर्याकडे तोंड करून उभं केल्यामुळे डोळे मिटलेली समस्त भावंडं. जपून काढलेले फोटो ते हेच. उलट ज्यांकडे आज नजर थांबते ते फोटो शेवटचे असतात, ‘रोल संपवायला’ म्हणून काढलेले. रोल धुवायला टाकायचा आहे, तीन चित्रं उरलीत, वाया कशाला घालवायची, म्हणून कोणीतरी टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाचा, दारातल्या सायकलचा, भाजी निवडणाऱ्या आईचा फोटो काढला. तिला सावरून बसायला वेळ मिळाला नाही. त्या घराचं खरं चित्र त्या तीन चौकटींत उतरलं आणि ते शिस्तीने नव्हे, काटकसरीने उतरलं. माणसाला यंत्र चालवायला निमित्त हवं होतं. ते मिळालं, फोटो आपोआप आला.

आता माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो जपानमधून येतो. जगभर २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ऐंशी लाखांच्या आत होता. धंदा फोनने खाल्ला. अशा पडत्या काळात, २०२४ साली, पेंटॅक्सने चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. त्यात रोल पुढे सरकवायला मोटर नाही, अंगठ्याने ओढायचा दांडा आहे. मोटर बसवणं जमत नव्हतं असं नाही. ते काम जगाला कित्येक दशकांपूर्वी जमलेलं आहे. उलट हाताच्या दांड्याची विद्या विसरली गेली होती आणि ती परत मिळवायला निवृत्त इंजिनिअरांचा सल्ला घ्यावा लागला. एखादी कंपनी निवृत्तांना बोलावून ग्राहकाला जास्तीचे कष्ट विकते आणि ग्राहक ते आनंदाने विकत घेतो, तेव्हा विकली जाणारी वस्तू फोटो नसते. शिवाय हा कॅमेरा चौकट अर्धी करतो, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रं. शिस्तवाल्यांनी याचं उत्तर द्यावं. मला त्यात दिसतात ते दांडा ओढायचे छत्तीस जादा प्रसंग. पुढचा पुरावा मुंबईचा. दिलीश पारेख यांच्याकडे ४,४२५ जुने कॅमेरे असल्याची नोंद गिनेस बुकात झाली. रोज एक वापरायचा म्हटलं तरी पहिल्याचा पुन्हा नंबर यायला बारा वर्षं लागतील. फोटोसाठी एक पुरतो. उरलेले ४,४२४ कशासाठी, याचं उत्तर देताना रंगांची खोली कामाला येत नाही. आणि ज्या डिजिटल कॅमेऱ्यात खटका वाजवणारं काही उरलंच नव्हतं, त्यातही बारीकसा स्पीकर बसवून ‘खटाक’ हा आवाज काढायची सोय करावी लागली. फोटोला आवाजाची गरज नव्हती. गरज आपल्याला होती.

कोकणातला आक्षेप मात्र वेगळा असतो, आणि तो खरा आहे. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. हवेतला ओलावा बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांवर राहिला की भिंगाच्या काचांमध्ये बुरशी धरते. त्याला हौशी लोक ‘फंगस लागला’ म्हणतात. हा फंगस आधी भिंगावरचा लेप खातो, मग काचेला हात घालतो. नागोठण्यात जून ते सप्टेंबर जुना कॅमेरा बाळगणं म्हणजे पाळीव प्राणी बाळगण्यापेक्षा जास्त काम: हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, त्यांचा रंग बदलला की पुन्हा तापवणं, आणि उघडीप मिळाली की पेणच्या पापडासारखं कॅमेऱ्याला ऊन दाखवणं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपायही सांगतात. तो करू नये, तांदळाचा भुगा आत गेला तर फंगस परवडला. एवढी उस्तवार करून पावसाळ्यात फोटो किती निघतात? ऑलिंपसचा १९६७ सालचा ट्रिप थर्टीफाइव्ह घ्या. याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीच्या सेलेनियमच्या पट्टीवर पडेल त्या उजेडावर त्याचं मीटर चालतं. उजेड कमी पडला की चौकटीत लाल झेंडा वर येतो आणि खटका दबतच नाही. रायगड जिल्ह्याला लाल बावट्याचं नवल नाही, पण नागोठण्यात आषाढ-श्रावणात हा कॅमेरा बहुतेक वेळ संपावरच असतो. मग तो बाळगायचा कशाला? तर झेंडा वर आलेला पाहण्यासाठी! बॅटरीचा आधारही नसलेलं एक यंत्र स्वतःच्या हिमतीवर आपल्याला नाही म्हणतं, यात जी गंमत आहे ती ‘फ्लॅश लावू का’ असं विचारणाऱ्या लाचार फोनमध्ये कुठली?

हे खेळणंच झालं की, असं कोणी म्हणेल. झालंच. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. रोगी तपासणारा, ताम्रपट वाचणारा माणूस या रसायनांच्या पसाऱ्यात रमला, तो केवळ स्वतःची छबी हवी म्हणून खास नसावा. पैशांचा आक्षेप त्याहून अवघड. रोल, धुलाई, मुंबई-पुण्याला पाठवायचं कुरियर आणि स्कॅनिंग धरलं तर एका खटक्याच्या खर्चात नागोठण्याच्या एसटी स्टँडवर वडापाव आणि चहा होतो. वडापाव सोडून खटका घेणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. वडापाव खाऊन वर खटकाही घेणाऱ्याची गोष्ट निराळी. उरला घरचा आक्षेप: एक आहे ना, मग दुसरा कशाला? याला तर्कात उत्तर नाही, पण व्यवहारात आहे, आणि इथे मात्र जुना कॅमेरा फोनवर निर्विवाद मात करतो. तो आणतानाच जुना असतो, त्यामुळे कपाटातल्या इतर कॅमेऱ्यांच्या मागे गुपचूप ठेवून ‘हा तर पहिल्यापासूनच होता’ असं शांतपणे म्हणता येतं.