मार खाणाऱ्याचा निवाडा

सेवानिवृत्त माणसाने कोणता छंद धरावा याविषयी आपल्या समाजात फार पूर्वीपासून एकमत आहे, आणि ते असे की, ज्याला खर्च लागत नाही, ज्याचा आवाज होत नाही आणि जो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या वाटेत येत नाही, तोच छंद प्रतिष्ठित. या तिन्ही कसोट्यांना पुरेपूर उतरणारा छंद माझ्या माहितीत एकच, तो म्हणजे निद्रा. परंतु उभा जन्म हिशेबतपासनिसाच्या खुर्चीत गेल्यामुळे त्या विद्येत नव्याने संपादन करण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नव्हते. अशा अवस्थेत माझ्या भाच्याने, जो आठवडाभर संगणकाच्या कंपनीत डोळे शिणवतो आणि रविवारी चौदाव्या शतकात राहावयास जातो, लोखंडी तारेचे एक भेंडोळे माझ्यापुढे आणून टाकले आणि म्हटले, “मामा, तुमचे हात रिकामेच आहेत, एवढ्या कड्या तेवढ्या वळून द्या.” कड्या कशाच्या, असे विचारता तो ‘चिलखताच्या’ असे इतक्या सहजपणे म्हणाला की, प्रत्येक सुसंस्कृत कुटुंबात एक चिलखत असतेच आणि आमचे तेवढे करावयाचे राहून गेले आहे, असे मला क्षणभर वाटले.

आम्ही राहतो ते येलहंका शस्त्रास्त्रांच्या बाबतीत नवखे नाही. १५३७ साली ज्याने बंगळूर वसविले तो केंपेगौडा येलहंक्याचाच नाडप्रभू. त्याच्या वंशजाकडून १६३८ मध्ये विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने ते शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यामुळे येथील मराठी माणूस भाड्याच्या घरात राहत असला तरी मनातून तो जहागीरदारच असतो. माझ्या घरमालकांना हे मी एकदा सुचवून पाहिले असता, मोगलांनी १६८७ मध्ये हेच शहर काबीज करून तीन लाख रुपयांस चिक्कदेवराज वडेयरांच्या हवाली केल्याचे त्यांनी अत्यंत नम्रपणे माझ्या नजरेस आणले आणि अकरा महिन्यांच्या करारनाम्यावर माझी सही घेतली. येथून विमानतळाकडे गेले की त्या केंपेगौडाचा १०८ फुटी कांस्यपुतळा दिसतो. २०२२ मध्ये उभारलेला हा पुतळा घडविणारे शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले, आणि पुतळ्याच्या हातातील तलवार चार टनांची, ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यास स्वतःच ती तलवार उचलून ठेवल्याच्या थाटात सांगत असतो.

गावाच्या कडेला हवाई दलाचा तळ आहे आणि १९९६ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी तेथे लढाऊ विमानांचे प्रदर्शन भरते. त्या दिवसांत घारी-गिधाडांनी आकाशात गर्दी करून यंत्रांत शिरू नये म्हणून आसपासच्या टापूत मांसविक्री बंद ठेवण्याचे फर्मान महापालिका काढते. अब्जावधी रुपयांच्या विमानाचे संरक्षण शेवटी खाटकाच्या दुकानाची फळी लावून करावे लागते, हे पाहिल्यापासून अभेद्य कवच या कल्पनेवरचा माझा विश्वास उडाला आहे. कर्णाचे कवच अभेद्य होते, पण ते इंद्राने मागून नेले. आणि अंगाबरोबर वाढत जाणारे, म्हणजे पन्नाशीनंतर कंबरेत न आवळणारे, ते जगातले पहिले आणि शेवटचे कवच होते, या दृष्टीने कर्णाच्या दातृत्वाचे खरे मोल आजवर कोणी केलेलेच नाही.

तर कड्यांविषयी. जस्ताचा मुलामा दिलेली सोळा गेजची तार एका सळईवर एकास एक लावून गुंडाळली की लांबच लांब वेटोळे तयार होते; ते एका बाजूने कापीत गेले की कड्या सुट्या होऊन पडतात; मग दोन्ही हातांत दोन पकडी घेऊन प्रत्येक कडी उघडावयाची, तीत चार कड्या ओवावयाच्या आणि ती मिटवावयाची. या विणीत दर कडीला चार शेजारी असतात आणि त्या चौघांशीही तिचे संबंध सलोख्याचे असतात. एवढे एकच लक्षण तिला गृहनिर्माण संस्थेपासून वेगळे ठरविण्यास पुरेसे आहे. पुऱ्या अंगरख्याला वीस-पंचवीस हजार कड्या लागतात आणि त्याचे वजन दहा-बारा किलोंपर्यंत जाते. खऱ्या रणांगणावरच्या चिलखतात कडीची टोके चपटी करून, एकावर एक ठेवून, त्यांत बारीकसा रिवेट ठोकीत, कारण नुसती मिटवलेली कडी भाल्याच्या टोकाने उघडते. परंतु आमच्या चिलखताला भाल्याशी मुकाबला करावयाचा नसल्यामुळे ती दगदग आम्हांस माफ होती.

तार आणावयास गेलो तेव्हा दुकानदाराने “एनक्के सार?” म्हणून पृच्छा केली. मी माझ्या तुटपुंज्या कन्नडात, ही तार अंगावर घालण्यासाठी असून तिच्यामुळे वार लागत नाही, असे निवेदन केले. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि माणूस सभ्य असल्यामुळे, ही तार कबुतरांसाठी आहे असे स्वतःच ठरवून टाकून मला योग्य ती जाळी दाखवली. ती स्वस्त होती, टिकाऊ होती आणि विणावी लागत नव्हती.

शिवकाळात राज्याचे अठरा कारखाने असत आणि त्यांत जिरातखाना म्हणजे शस्त्रागार व मुदबखखाना म्हणजे पाकशाळा यांचे दोन स्वतंत्र बंदोबस्त असत. आमच्या दोन खोल्यांच्या घरात या दोहोंची हद्द एका जेवणाच्या टेबलावर येऊन भिडली, आणि तेथून सरहद्दीचा जो तंटा उद्भवला तो अद्यापि निकालात निघालेला नाही. “अहो, काल आमटीत कडी निघाली,” असे हिने पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी ‘कढी’ असे ऐकून, दोन पदार्थ एकत्र झाले तरी बिघडत नाही, असे उदार उत्तर दिले होते. जुन्या काळी चिलखताचा गंज काढण्यासाठी ते पिंपात वाळू व सिरका घालून घोळवीत असत. त्याच तत्त्वावर चालणारे एक यंत्र आमच्या न्हाणीघरात विजेवर आयते फिरते आहे, याकडे भाच्याने मामीचे लक्ष वेधले. त्यावर मामीने जे उत्तर दिले ते मध्ययुगीन होते.

चिलखताच्या आत जाड कापसाचा डगला लागतो, कारण कड्या धार अडवतात, धक्का अडवीत नाहीत. धक्का अडवितो तो कापूस. आपल्या मराठी स्वारांनी हे मर्म फार लवकर ओळखले असावे, कारण बरेच स्वार लोखंडाच्या वाटेस न जाता अशा डगल्यावरच लढाया मारीत, आणि ज्याला शत्रूच्या मागून येऊन पुढून निसटावयाचे असते त्याने अंगावर दहा किलो लोखंड वागविणे हा अव्यापारेषु व्यापार होय. शिरस्त्राण मात्र घरी होण्यासारखे नव्हते. ते उत्तरेकडून मागविले. युरोप-अमेरिकेतील हौशी वीर जी शिरस्त्राणे आणि तलवारी मिरवितात, त्यांतली पुष्कळशी आपल्या देशातच तयार होतात. डेहराडूनच्या विंडलास यांचा कारखाना तर १९४३ पासून या धंद्यात आहे. इंग्रजांनी दीडशे वर्षे आपल्याला निःशस्त्र केले, त्याचा सूड आपण त्यांना हप्त्याहप्त्याने चिलखते विकून उगवीत आहो, हा विचार मला अतिशय सुखावून गेला.

या हौसेचे मूळ पीठ अमेरिकेत आहे. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे काही विद्यार्थिमंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन पोशाख करून द्वंद्वयुद्धे खेळली, आणि त्या परसातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ नावाची जी संस्था निघाली तिची ‘राज्ये’ आज अनेक खंडांत पसरली आहेत. तेथे राजा वंशपरंपरेने होत नाही आणि मतदानानेही होत नाही. सामन्यात सर्वांना हरवील तो राजा, आणि त्याची मुदत काही महिन्यांची. पेनसिल्व्हेनियात १९७२ पासून त्यांचे एक वार्षिक युद्ध भरते, त्यास दहा-दहा हजार माणसे जमतात आणि जो पक्ष हरेल त्याने पिट्सबर्ग शहर आपल्याकडे ठेवून घ्यावयाचे, अशी त्या युद्धाची परंपरागत थट्टा आहे. १६८७ नंतर आम्हांलाही अशी काही तोड सुचली असती तर बंगळूरचा इतिहास निराळा झाला असता. यांहून कडवा पंथ पूर्व युरोपात आहे. युक्रेनमधील खोतिन किल्ल्यात २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्राराष्ट्रांच्या सामन्यांत बोथट केलेल्या खऱ्या पोलादी हत्यारांनी लढतात आणि जो जमिनीवर पडला तो बाद. भाच्याने प्रथम तोच पंथ स्वीकारण्याचे घाटले होते, परंतु त्याच्या आईचा साताऱ्याहून फोन आल्यावर त्याला अमेरिकन परंपरा अधिक शास्त्रशुद्ध वाटू लागली.

त्या परंपरेत तलवार वेताची असते, सुमारे सव्वा इंच व्यासाची. माझ्या पिढीस वेताची ओळख शाळेतच झाली असल्यामुळे, जो लाभ आम्हांस मास्तरांकडून विनामूल्य मिळे त्यासाठी ही मुले पगारातले पैसे घालतात, याचे मला नवल वाटले. पण खरे नवल पुढेच होते. हातावर वार लागला तर तो हात पाठीमागे घेऊन लढावयाचे. पायावर लागला तर गुडघ्यांवर बसून लढावयाचे. डोक्यावर अगर छातीवर लागला तर मरून पडावयाचे. आणि वार पुरता लागला की नाही याचा निवाडा पंचाने द्यावयाचा नाही, मारणाऱ्याने तर नाहीच नाही, तो द्यावयाचा ज्याने मार खाल्ला त्याने! चाळीस वर्षे हिशेब तपासलेल्या माणसाला हे वाचून घेरी यावी. आरोपीच फिर्यादी, आरोपीच साक्षीदार आणि आरोपीच न्यायाधीश, असा फौजदारी कायदा कोणत्याही दौलतीत ऐकिवात नाही. आणि ही मुले तो बिनबोभाट पाळतात.

आमच्या संकुलाच्या मागील मोकळ्या जागेत हे लढतात. त्यासाठी रीतसर अर्ज केला होता. तो क्रीडा, नाट्य की उपद्रव या सदरात घालावयाचा यावर कार्यकारिणीत बराच खल होऊन अखेर ‘सांस्कृतिक’ या सदरात मंजूर झाला, कारण त्या सदरात पैसे शिल्लक नव्हते. पहिल्या रविवारी गच्च्या भरल्या. पट्टा कंबरेशी घट्ट आवळून चिलखताचा निम्मा भार खांद्यांवरून कंबरेवर घेतलेला माझा भाचा पुढे आला, त्याचा मित्र पुढे आला, ढालींवर वेत खणाणले, आणि एकदम भाचा थांबला, “चांगला होता!” असे मोठ्याने म्हणाला आणि उताणा पडला. गच्चीवरच्या कोणालाही तो वार दिसला नव्हता. आमचे खजिनदार, जे स्वतः चांगले कायदेपंडित आहेत, माझ्या कानाशी लागून म्हणाले, “अहो, पण नाकबूल करता आले असते की!” मग एकदा हौसेने मीही ते चिलखत अंगावर चढविले. ते स्वतःच्या हाताने कसेबसे चढविता येते, पण उतरविण्यासाठी मात्र पुढे वाकून, दोन्ही हात लोंबते सोडून, लोकांसमोर इतक्या विनम्र अवस्थेत उभे राहावे लागते की, सरदारांच्या उद्दामपणाच्या कथा मी त्या दिवसापासून निम्म्याच खऱ्या मानतो.

आमचे मूळ गाव वाईजवळचे, जेथे अफझलखानाची छावणी पडली होती. त्यामुळे १० नोव्हेंबर १६५९ या तारखेचा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असे बखरी सांगतात, आणि खानाचा वार त्यावर फुकट गेला. ज्याला खरोखर जिवाची बाजी लावावयाची असते तो चिलखत झाकून नेतो, आणि ज्याला रविवारी जेवणास घरी यावयाचे असते तो ते वरून घालतो. याचे कारणही उघड आहे: खऱ्या लढाईत वार लागला हे शत्रूस कळू द्यावयाचे नसते, आणि खेळातल्या लढाईत ते आपल्याच तोंडाने सांगावयाचे असते. आता या दोन जातींपैकी आपण रोजच्या व्यवहारात कोणत्या जातीचे, याचा ज्याचा त्याने विचार करावा. मी पाहतो तो, साध्या सदऱ्याखाली प्रत्येकाने काहीतरी घातलेले आहे; कोणी पदवी, कोणी हुद्दा, कोणी वय, कोणी नुसतेच मोठ्याने बोलणे; आणि बिनतोड मुद्दा छातीवर बसला तरी माणूस जागचा हलत नाही, तर ‘तो प्रश्न निराळा आहे’ असे म्हणून दुसऱ्या बाजूने चालून येतो.

म्हणून यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला. चर्चेत ज्याला प्रतिपक्षाचा मुद्दा लागला असे वाटेल त्याने हात वर करून तसे सांगावे आणि त्या विषयापुरते खाली बसावे. लागला की नाही हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी त्याचाच राहील. एवढाच त्याचा मजकूर होता. दोन तास चर्चा झाली. वाहनतळाच्या वादातले दोन्ही पक्ष आयुष्यात प्रथमच एका बाजूस आले. कोणी ठरावाची वैधता काढली, कोणी माझी थकबाकी काढली, आणि खजिनदारांनी तर, अशी तरतूद झाल्यास सभेचे कामकाज पंधरा मिनिटांत आटोपेल व चहाफराळाचा मंजूर खर्च वाया जाईल, असा आर्थिक मुद्दा उपस्थित केला. मी प्रत्येकाला यथाशक्ति उत्तर दिले. काही उत्तरे, माझ्या मते, मर्मावर बसली. ठराव सर्वांविरुद्ध एक अशा मताने फेटाळला गेला. आणि इतिवृत्तात नोंद आहे की, सभागृहात एकाही सभासदाच्या अंगावर चिलखत नसताना कोणालाही काही लागले नाही.