सिनेमाच्या शिक्षणापासून जिल्हा वाचवणाऱ्यांस

प्रति,
बीड जिल्ह्यातील समस्त मामा, काका, दाजी आणि न विचारता सल्ला देणारी मान्यवर मंडळी



बारावीचा निकाल लागला की आपला हंगाम सुरू होतो. पोरगं चुकून ‘मास कम्युनिकेशन’ म्हणालं की आपण चहाचा कप खाली ठेवता, ‘मंजी नेमकं काय करतेत त्यात?’ असं विचारता आणि उत्तराची वाट न बघता त्याला नीट, एमपीएससी नाहीतर पोलिस भरतीच्या वाटेला लावता. आपल्या या दक्षतेबद्दल जिल्ह्यानं आपला जाहीर सत्कार करायला हवा. कारण आपण नसता, तर बीडची गोष्ट बीडच्याच माणसानं सांगण्याची आपत्ती कधीच ओढवली असती.

तशा गोष्टींचा आपल्याकडे तुटवडा नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या, तेव्हा कॅमेरे आले. 2019 मध्ये सरकारी समितीनं ऊसतोड करणाऱ्या 82 हजारांवर बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, तेव्हाही आले. त्याच विषयावर मुंबईच्या अनंत महादेवन यांनी ‘बिटरस्वीट’ हा सिनेमा केला आणि 2020 मध्ये तो बुसानच्या महोत्सवात पोचला. त्यांनी तो केला हे चांगलंच झालं. पण एवढ्या सगळ्या खटाटोपात आपला जिल्हा कॅमेऱ्याच्या पुढेच राहिला, हे आपल्या सल्ल्याचं यश नाकारता येणार नाही.

आता आपण म्हणाल, बाहेरच्यानं सांगितलं म्हणून काय बिघडलं? गोष्ट खरी असली म्हणजे झालं. मुद्दा रास्त आहे. पण चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला फडातला कोयता दिसतो, पालाची कोपी दिसते, डोक्यावरची मोळी दिसते. उचल दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घ्यायची, एक दिवस अंग धरलं की खाडा पडायचा आणि तो मुकादमाच्या वहीत चढायचा. गर्भाशय काढण्यामागं पाळीतला हा खाडाही उभा असतो. वहीतलं कर्ज पडद्यावर दाखवायचं कसं? कोयता कुणीही टिपेल. कर्ज दाखवायला शॉट कुठे तोडायचा, कुणाचा आवाज ठेवायचा, कुठे गप्प राहायचं, हे शिकावं लागतं. आणि ही वही ज्याच्या घरात आहे त्यानं ते शिकलं तर अधिकच बरं. पण त्याला तर आपण पोलिस भरतीच्या मैदानावर पळायला धाडलंय.

‘मोबाइल आहे की, त्यात काय शिकायचंय?’ हा आपला दुसरा आवडता सवाल. गावाकडच्या पोरांनी यूट्यूबवर मालिका करून लाखो प्रेक्षक मिळवले, हे मला मान्य आहे. पण मोबाइलनं चित्र मिळतं, वारा भरलेल्या माळावर माणसाचं बोलणं स्वच्छ पकडता येतं असं नाही. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांत चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणाचाही होता. आणि हे भाऊराव शिकले कुठे? नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. त्याच कॉलेजात संज्ञापन शिकताना करमाळ्याकडच्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार घेतला. पुणे नाही, मुंबई नाही. आष्टीकर ज्या नगरला बाजाराला जातात, ते नगर. आपल्या मराठवाड्यातही विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेल्या प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं 52 पात्रं उभी केली, तीही आपल्याच बोलीत. आज तो प्रयोग माजलगावचे संदीप पाठक करतात. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा शिकवणारी शाळा नव्हती, हा दाखला आपण द्याल. पण तेही मुंबईच्या जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण शिकले आणि नंतर सिनेमाची विद्या शिकायला 1912 मध्ये लंडनला गेले.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि तिथे आपण अर्धे खरे आहात. कित्येक ठिकाणी माध्यमांचा विभाग म्हणजे एक पाटी, तासिका तत्त्वावरचे दोन प्राध्यापक आणि कपाटात कुलूपबंद कॅमेरा. पदवी हातात येते, एकही फिल्म येत नाही. अशा ठिकाणी फी भरू नका, हा सल्ला मीही देईन. पण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वयाची तिशी गाठलेल्यांकडे कुठली हमी होती, हे कधी विचारलंत का? तिथे पदरात काही न पडलं तर ‘प्रयत्न केला’ म्हणता, इथे ‘वाया गेला’.

17 सप्टेंबर 2025 पासून बीड शहरातून नगरला रेल्वे जाते. 1995 ला मंजूर झालेला मार्ग. तीस वर्षं लागली. आता ‘जायचं कसं?’ ही सबबही उरलेली नाही. तेव्हा येत्या जूनमध्ये भाचीनं माध्यम शिक्षणाचा फॉर्म पुढे केला, तर तिथे कॅमेरा कपाटाबाहेर निघतो का एवढं एकदा जाऊन बघा. निघत असेल, तर सल्ला बाजूला ठेवा आणि पहिल्या वर्षाची फी भरा.

आपला,
एक कृतज्ञ बीडकर