माजघरात कोणाला ठेवतात?

मराठी भाषा गौरव दिनाला दहा दिवस उरले असताना माझ्या मुलीच्या, चिनूच्या, शाळेतून व्हॉट्सॲपवर फर्मान आले. एक मराठी कादंबरी वाचा, त्यातले २५ नवीन शब्द वहीत उतरवा, प्रत्येकाचा अर्थ आणि एक स्वरचित वाक्य लिहा. पाचव्या मिनिटाला पालकांच्या ग्रुपवर विचारणा झाली, ‘शब्दांची पीडीएफ कोणाकडे आहे का?’ गौरव दिन, म्हणजे २७ फेब्रुवारी, हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. ते आमच्या नाशकातच राहिले, म्हणून निदान शब्दांच्या पीडीएफवर भागले. दुसऱ्या गावात राहिले असते तर आम्ही काय काय मागितले असते कोण जाणे.

आमच्याकडे कादंबरीची निवड जाडीवरून झाली. चिनूने कपाटातल्या पुस्तकांना आडवी बोटे लावून मापे घेतली, ‘ययाति’ दोनदा काढून दोनदा परत ठेवली आणि ‘श्यामची आई’वर येऊन थांबली. ती प्रत मला आठवीत वक्तृत्वाचे बक्षीस म्हणून मिळालेली. मी लगेच खुर्ची पुढे ओढली. साने गुरुजींनी हे पुस्तक आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात केली आणि १३ च्या पहाटे संपवले, हे मी शक्य तितक्या भारावलेल्या आवाजात सांगितले.

“पाच दिवसांत लिहिलं?” ती म्हणाली. “मग वाचायला दोन पुरतील.”

आणि तिने आठ दिवस पुस्तकाला हात लावला नाही.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी वाचन सुरू झाले ते अनुक्रमणिकेपासून. ‘भस्मीभूत आई’ हे शीर्षक दिसताच ती ताठ बसली. “बाबा, हे हॉरर आहे?” नाही म्हटल्यावर थोडी हिरमुसली. ‘पर्णकुटी’ मात्र तिने यादीत घेतली नाही. ती पंचवटीत आहे आणि तिथे पार्किंग मिळत नाही, एवढी माहिती तिला होतीच.

पहिला अडलेला शब्द होता ‘खोत’. तिच्या वर्गात एक खोत आहे, त्यामुळे श्यामच्या वडिलांचे आडनाव मध्येच कसे बदलले हे तिला कळेना. मी सांगू लागलो. कोकणात सरकारच्या वतीने गावाचा सारा गोळा करणारा तो खोत. कुळांवर त्याचा वचक असे. खोती मोडावी म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. पण ती जायला १९४९ चा कायदा व्हावा लागला...

“बाबा, अर्थाला एकच ओळ आहे.”

तिने लिहिले: खोत म्हणजे जुना मालक. पाऊण तासाच्या व्याख्यानाचे एवढेच हाती लागले.

एका बैठकीत २५ शब्द झाले. सोवळे, पत्रावळ, अळणी, अवस, सगळे दिसायलाच अवघड. मला अभिमान वाटू लागला होता, तेवढ्यात तिने सहज विचारले, “त्यांनी गाय मोरीत का ठेवली होती?”

माझी आई, म्हणजे चिनूची आजी, रविवार कारंज्याजवळच्या एका वाड्यात वाढली. वाडा पडला, पण शब्द तिने बरोबर आणले. आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये भांडी घासायच्या जागेला बिल्डरच्या नकाशात ड्राय बाल्कनी म्हटले आहे. आजी तिला मोरीच म्हणते. त्यामुळे ‘मोरी गाय’ ही गोष्ट चिनूने संपूर्ण वाचली ती गाय ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी उभी आहे असे समजून. इथे मोरी गायीलाच म्हटले आहे, जागेला नव्हे, हे तिच्या ध्यानातच आले नाही. मोरी शब्द तिला येत होता ना! मग तो यादीत कशाला घ्यायचा?

मी घाबरून वही मागितली. न अडलेल्या शब्दांची तपासणी सुरू झाली. ओटी? “येते की. तांदूळ, नारळ, ब्लाउज पीस.” म्हणजे पुस्तकात कोणी ओटीवर, घराच्या ओसरीवर, बसले की तिच्या डोळ्यांपुढे तो गृहस्थ खणानारळावर बसत होता. आणि माजघर? हा मात्र यादीत होता, अर्थासकट: माज आलेल्या लोकांना ठेवायची खोली. वाक्य: ‘माझ्या दादाला माजघरात ठेवले पाहिजे.’

आजी हसून हसून खोकायला लागली. म्हणाली, “खोडू नकोस. आमच्या माजघरात सासूबाई बसायच्या.”

राहिला ‘शेवटची निरवानिरव’ या प्रकरणाच्या नावातला शब्द. इथे मी निर्धास्त होतो. निरवानिरव म्हणजे नीरव, सामसूम, सगळे शांत होत जाणे. नववीत मी भाषणात ‘सभागृहात निरवानिरव पसरली’ असे वाक्य टाकले होते आणि परीक्षकांनी माना डोलावून दुसरा क्रमांक दिला होता.

“चूक,” आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० सालची संस्था. माझी बाजू घेईल असे वाटले. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा जाडजूड खंड काढला. तिकडे गुरुजी तुरुंगात लिहीत होते तेव्हा इकडे हा कोश खंडाखंडाने छापून बाहेर पडत होता. दोघांनी मिळून मला पाडले. निरवणे म्हणजे सोपवणे, हवाली करणे. जाणाऱ्याने आपले सगळे ज्याच्या त्याच्या हाती देऊन टाकणे. म्हणजे श्यामची आई त्या प्रकरणात गप्प होत नव्हती, सोपवत होती. आणि मी तीस वर्षे तिला गप्प बसवून ठेवले होते.

घरी येऊन हार मान्य केली. आजीला नवल वाटले नाही. ती स्वतः दहा वर्षे निरवानिरव करते आहे. पाटल्या कोणाच्या, पितळी डबा कोणाचा, हे दर रविवारी जाहीर होते आणि त्या आठवड्यात कोणाचा फोन आला यावरून बदलते. चिनूने हे पाहून वाक्य लिहिले: ‘आजीने पाटल्यांची निरवानिरव केली, पण काकूचा फोन आल्यावर परत केली.’

वही तपासून आली. माजघराला बरोबरची खूण. निरवानिरवीच्या वाक्याखाली लाल रेघ आणि मोठे प्रश्नचिन्ह.

आजीने चष्मा लावून ते प्रश्नचिन्ह बराच वेळ पाहिले. मग वही बंद करून म्हणाली, “बाईंना सांग, पाटल्या आता चिनूच्या.”

आज बुधवार आहे. काकूचा फोन अजून यायचा आहे.