टाकी कुठाय?

आमच्या अप्पांना कुणी चहाला बोलावलं की ते आधी त्या घराला एक फेरी मारतात. यजमानांना वाटतं, जुन्या वळणाचा माणूस, वास्तूला प्रदक्षिणा घालतोय. तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज येतो, "टाकी कुठाय?"

कुणी भाबडेपणाने गच्चीकडे बोट दाखवलं तर अप्पा मान हलवतात. "ती नव्हे. खालची."

अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी पाणी कुठून येतं ते पाहिलं. निवृत्तीनंतर ते कुठे जातं याच्या मागे लागले. राहायला वाईत. वाईत 2018 पासून संडासाच्या टाक्या पाळीपाळीने, दर 3 वर्षांनी उपसून द्यायची व्यवस्था आहे. तुंबायची वाट न बघता गाडी दारात येते. आपल्या गल्लीत गाडी येणार त्या दिवशी अप्पा पहाटे आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे असतात. काकू म्हणतात, "मुलीला बघायला आले होते तेव्हासुद्धा एवढी धांदल नव्हती."

डासांच्या दिवसांत आरोग्यसेविका टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायला सांगून जातात. अप्पा बांधून जातात. न विचारता, शिडी घेऊन. भाचीच्या वास्तुशांतीला त्यांनी नायलॉनची जाळी आणि सुतळी आहेर म्हणून दिली होती. वर रुपया ठेवून, हळदकुंकू लावून.

टाकीबद्दल बोलताना अप्पांची भाषा थेट स्वयंपाकघरातली होते. खाली गाळ बसतो, वर साय धरते, मधलं निवळ पाणी पुढे जातं. संडासात रोज ॲसिड ओतणाऱ्या बाईला ते विचारतात, "दुधात रोज लिंबू पिळता का?" कारण मैला पचवतात ते टाकीतले जिवाणू, आणि ॲसिडने आधी तेच मरतात. टाकी उपसून घ्यावी, पण खरवडून धुऊ नये. थोडा जुना गाळ ठेवावा. "विरजण हो, विरजण!" हे ते जेवणाच्या पंगतीत सांगतात. आमच्या घराण्यात श्रीखंड मागे पडलं त्याचं खरं कारण हे आहे.

तर अशा अप्पांना घेऊन आम्ही काशीला गेलो. वाईला दक्षिण काशी म्हणतात, तेव्हा एकदा मूळ प्रत बघावी असा काकूंचा आग्रह. उतरलो राजा घाटाच्या वरच्या गल्लीत. हा घाट आपल्याच माणसाचा. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे इंग्रजांचा तनखा घेऊन उत्तरेत राहिले, त्यांनी तो दगडात बांधून काढला. अमृतराव घाट असंही त्याला म्हणत. शेजारीच नारद घाट. तिथे नवराबायकोने जोडीने स्नान केलं तर भांडण होतं असा समज आहे. काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी गंगेत कशाला उतरायचं? आमच्याकडे परसात सोय आहे."

पहिल्या पहाटे आम्ही सगळे पायऱ्यांवर. समोर वाळूच्या पट्ट्यावर सूर्य वर येतोय, नावा हलताहेत, कुठून तरी घंटा ऐकू येतेय. अप्पा सूर्याकडे पाठ करून उभे. घाटावरच्या उंच भिंती, त्यांना लटकलेले पाइप, कोपऱ्यातलं एक ओलं मोरीतोंड, असं सगळं निरखत होते. म्हणाले, "ही एवढी घरं. एवढे यात्रेकरू. आणि गल्लीत दोन माणसं शेजारी चालत नाहीत, तिथे गाडी शिरणार कुठून?"

मग स्वतःच शोध लावायला निघाले. काशीत लोक संध्याकाळी दशाश्वमेधची आरती बघतात. अप्पांनी मानसरोवर घाटाचं पंपिंग स्टेशन गाठलं. घाटाकडे उतरणारं सांडपाणी तिथे अडवून उलटं वर, शहराच्या गटारात चढवायचं, ही गंगा कृती योजनेतली युक्ती. योजना 1986 मध्ये याच काशीत सुरू झाली. "आणि वीज गेली तर?" अप्पांनी तिथल्या एका चहावाल्याला विचारलं. त्याने पान थुंकून नदीकडे बोट केलं. पुराच्या दिवसांतही हीच तऱ्हा. पंप पाण्याखाली जायच्या आधी बंद करावे लागतात. अप्पा हात जोडून उभे राहिले. पंपाला की गंगेला, ते मला कळलं नाही.

त्यांचे काशीतले देवही वेगळे. पहिला जेम्स प्रिन्सेप. 1820 ते 1830 हा इंग्रज इथल्या टांकसाळीत होता. शहराचा नकाशा केला, साचलेल्या तळ्यांचं पाणी काढून द्यायला भुयारी गटार बांधलं. पुढे त्याने ब्राह्मी लिपी वाचली म्हणून जग त्याला ओळखतं; अप्पांच्या मते ते फावल्या वेळातलं काम. दुसरे संकटमोचनचे महंत वीरभद्र मिश्र, जे बनारस हिंदू विश्वविद्यालयात पाण्याच्या अभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. तुळशी घाटावर रोज गंगास्नान करायचं आणि त्याच घाटावरच्या प्रयोगशाळेत त्याच पाण्यातले मैल्याचे जिवाणू मोजायचे. स्नानाला 100 मिलिलिटरमध्ये 500 असले तर बरं, 2500 च्या वर नकोत, ही सरकारी मोजपट्टी अप्पांना गायत्रीसारखी पाठ आहे. तुळशी घाटावर त्यांनी चपला काढून नमस्कार केला आणि मग नाक मुठीत धरून तीन बुड्या मारल्या. "ते मारत होते ना? मग!"

दुसऱ्या दिवशी राजा घाटावर गंगापूजन. गुरुजी मूळचे दुर्गा घाटावरच्या मराठी वस्तीतले, सात पिढ्या काशीत. मराठीला चांगला बनारसी कलाबतू. संकल्प सोडताना त्यांनी विचारलं, "गोत्र बोला."

"काश्यप," अप्पा म्हणाले. "आणि आपल्या घराचं कनेक्शन?"

पूजा झाली. अप्पांनी दक्षिणा आणि कोरा पांढरा पंचा दिला. गुरुजींनी आशीर्वाद देता देता सांगितलं की आता ते वरुणेपलीकडे नव्या वसाहतीत राहतात, तिकडे गटार पोचलेलं नाही, पण चिंता नाही. "आमची टाकी एकदम फर्स्टक्लास आहे. अकरा वर्षांत कधी भरलीच नाही!"

अप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं घाटाची पायरी निसटली.

"गुरुजी, टाकी पहिल्या काही दिवसांतच भरते. मग जेवढं येतं तेवढं जातं. कधीच भरली नाही म्हणजे तळातून झिरपतेय. पाणी कुठलं पिता?"

"हापशाचं."

"किती लांब?"

गुरुजींनी आमच्यापासून बेलाच्या टोपलीपर्यंतचं अंतर दाखवलं. झिरपणारी टाकी म्हणजे शोषखड्डाच, आणि तो पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर तरी दूर हवा. अप्पांनी घाटाच्या पायऱ्या उतरून ते मोजून दाखवलं, पाण्यात गुडघाभर शिरेपर्यंत.

"तसं पाहिजे तर," गुरुजी जरा नरमले, "एक माणूस आहे आमच्याकडे. बोलावला की उतरतो खाली, तासाभरात साफ."

या एका गोष्टीवर अप्पांना विनोद चालत नाही. ते पायरीवर बसले. आवाज खाली आला. टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आत माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना 30 लाख द्यावेत, असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलंय. आतला वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा स्वच्छ झाली. "मी दोर धरला होता एकदा," अप्पा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. काकूंनी त्यांच्या हातात पाण्याचा गडू दिला.

संध्याकाळी आरतीच्या नावेत आमची पाच जागांची वर्गणी भरलेली होती. नाव सुटायच्या बेतात असताना गुरुजी स्कूटरची किल्ली नाचवत पायऱ्या उतरून आले. "अप्पा, जरा घरी येता काय? झाकण कुठल्या फरशीखाली आहे, मला पण याद नाही."

अप्पा नावेतून उतरले ते असे, की नाव दोन्ही अंगांनी हलली. स्कूटरवर मागे बसून त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली. झाकण सापडेपर्यंत ठोकायला नाणं. सापडलं की तासभर उघडं ठेवायचं, जवळ विडी-काडी नाही. लांब बांबू. बांबूला गुंडाळायला पांढरं कापड, म्हणजे बाहेर काढल्यावर गाळ किती चढलाय ते काळ्या खुणेवरून कळतं.

"पांढरं कापड घरात नसेल," गुरुजी म्हणाले. "सगळं सोवळं रेशमी."

"सकाळी मी दिला तो पंचा कुठाय?"