चांगला पिसलेला कॅट

मी गणितात हुशार आहे असं मानणारे लोक जगात एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे कॉमर्सचा वर्ग. म्हणून तर मी तिथून हलत नाही. संख्याशास्त्र विभागात माझ्याबरोबर शिकलेली मंडळी आता कुठल्या कुठे पोचली. त्यांच्यात बसलो की चहा कोण सांगतंय, एवढंच मी विचारतो. पण बी.बी.ए.च्या पोरांसमोर उभा राहिलो की 'वासरांत लंगडी गाय शहाणी' या म्हणीतल्या गायीला काय वाटत असेल ते मला कळतं. फार छान वाटतं. गाय लंगडते हे वासरांना दिसत नाही, कारण ती सगळी मान खाली घालून मोबाइल बघत असतात.

काम तसं सोपं आहे. समजा, एका पिशवीत ५ लाल आणि ४ निळे चेंडू आहेत. ते कोणी घातले, का घातले आणि न बघताच का काढायचे, हे विचारायचं नाही. लागोपाठ काढलेले दोन्ही चेंडू लाल निघण्याची संभाव्यता किती? मी मार्करचं टोपण काढतो आणि क्षणभर खिडकीबाहेर बघतो. उत्तर मला पाठच असतं, पण प्रतिभेला थोडा वेळ लागतो असं दिसायला हवं. मग फळ्यावर ५/९ गुणिले ४/८ लिहितो, ५/१८ उत्तर काढतो आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढतो. दुसरी रेघ निव्वळ माजाची असते. तक्ता न बघता '१.९६ म्हणजे ९५ टक्के' असं सहज म्हणालो की पहिल्या बाकावरून 'बाप रे' ऐकू येतं. हा आकडा पाठ नसलेला स्टॅट्सचा मास्तर शोधून सापडायचा नाही, हे मी त्यांना सांगत नाही.

घरी मात्र या सगळ्याची किंमत शून्य. "अहो, शक्यता पुरे. गॅस बुक केला का? हो की नाही?" आयुष्यभर 'पाच टक्के पातळीवर नाकारता येत नाही' असं बोलत आलेल्या माणसाला हो की नाही विचारणं हे क्रौर्य आहे, पण घरात ते कोणाला पटत नाही.

तर पिशवी आणि चेंडू निभतात. घोडं पेंड खातं ते पत्त्यांपाशी. 'चांगल्या पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो चित्रपत्ता असण्याची संभाव्यता काढा.' बारा भागिले बावन्न, म्हणजे ३/१३, झालं. पण परवा एका मुलीने विचारलं, "सर, चित्र तर सगळ्याच पत्त्यांवर असतं ना?" तिच्या मागच्याने विचारलं, "किलवर लाल असतं की काळं?" आणि तिसऱ्याने बदामाची ओळख व्हॉट्सॲपवरच्या हार्टवरून पटवून घेतली. ज्या पोरांनी उभ्या आयुष्यात कॅट हातात धरलेला नाही, त्यांना आम्ही संभाव्यता समजावी म्हणून पत्त्यांचं उदाहरण देतो. मी मार्कर खाली ठेवला आणि त्यांना मेंढीकोट शिकवायला घेतला. हे अभ्यासक्रमात नाही, पण अभ्यासक्रमात असण्याची त्याची लायकी आहे.

मेंढीकोट म्हणजे चार माणसं, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं. चार दश्श्या म्हणजे मेंढ्या. ज्या जोडीने जास्त मेंढ्या पकडल्या तिचा डाव, आणि चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट. मे महिन्यात आजोळी दुपारी जेवणं झाली की ओसरीवर सतरंजी पडायची आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उठायचं नाही. आता हिशेब बघा. माझ्या तेरा पानांत एकही दश्शी नसण्याची संभाव्यता सुमारे ३० टक्के. चारही दश्श्या माझ्या एकट्याच्याच हातात येण्याची पाव टक्क्याहून जेमतेम जास्त, म्हणजे साधारण पावणेचारशे डावांत एकदा. आमच्या मामाच्या हातात त्या दर दुपारी यायच्या. वाटणीची पाळी त्याची असली की यायच्या, एवढाच योगायोग.

अशा माणसाबद्दल निष्कर्ष कसा काढावा याची रीत थॉमस बेज नावाच्या इंग्रज पाद्र्याने सांगून ठेवली आहे. त्याचा निबंध १७६३ साली, तो वारल्यानंतर, छापला गेला. मामा सज्जन असेल तर हा पुरावा दिसण्याची शक्यता किती, आणि मामा लबाड असेल तर किती, हे दोन आकडे समोरासमोर ठेवायचे. मात्र पुरावा बघण्याआधी आपलं मत काय होतं, तेही हिशेबात धरायचं. आम्हा भाचरांना मामाची लबाडी तीन दुपारींत सिद्ध झाली. आजी त्याची आई होती. तिचं आधीचं मत इतकं पक्कं होतं, की चारशे दश्श्या दाखवल्या असत्या तरी ते तसूभर हललं नसतं. बेजचं सूत्र मी पुढे अनेक पुस्तकांतून वाचलं, पण आजीच्या चेहऱ्यावर ते जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठेच नाही.

आणि तो कॅट! इस्पिक एक्क्याचा कोपरा मुडपलेला. चौकट राणीच्या पाठीवर चहाचा गोल डाग. किलवर चव्वी कधीतरी हरवली, तेव्हा मामीने कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड तुकडा मापाने कापून त्यावर बॉलपेनने चार किलवर काढले होते. ही चव्वी पालथी असली तरी पाठीवर गणपतीची सोंड आणि 'कृपेक' एवढी अक्षरं दिसायची. म्हणजे बावन्नांपैकी निदान तीन पानं सगळ्यांना पाठमोरी ओळखू यायची. 'प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता समान आहे' असं त्या ओसरीवर कोणी म्हणालं असतं, तर त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग सावलीत निजवलं असतं.

पिसण्याचंही तेच. अमेरिकेत पर्सी डायकोनिस नावाचा गणितज्ञ आहे. हा गृहस्थ चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर हिंडायला गेला आणि पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला. माझे आईवडील हे उदाहरण ऐकायला तयार नव्हते. त्याने आणि डेव्ह बायरने १९९२ साली दाखवून दिलं, की कॅटचे दोन ढीग करून ते फर्रकन एकमेकांत मिसळले, तर पत्ते नीट पिसले जायला सात वेळा असं करावं लागतं. आपण हातावर वरची थोडी थोडी पानं सोडत पिसतो, त्या पद्धतीने हेच काम हजारो वेळा करावं लागेल. मामी तीनदा पिसायची आणि म्हणायची, "हं, काप." तेव्हा 'चांगला पिसलेला कॅट' ही वस्तू निदान आमच्या तालुक्यात कोणी पाहिलेली नाही.

एवढं सांगून होईपर्यंत तास संपला. वर्ग खूश होता. एकाने वहीत 'मेंढीकोट' लिहून पुढे कंसात 'आय.एम.पी.?' असं लिहिलं.

परीक्षेला येणार का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याखालोखाल, याचा धंद्याशी काय संबंध? यावर माझ्याकडे गॉसेट आहे. हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. नमुने मोजकेच असताना मालाबद्दल खात्रीने काय बोलता येईल, या कारखान्यातल्या प्रश्नावर त्याने डोकं चालवलं आणि १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख छापला. तुमची टी-टेस्ट ती हीच. मी हे सांगतो तेव्हा एरवी झोपलेला शेवटचा बाक जागा होतो. "ब्रुअरी म्हणजे बिअरची, सर?" सबंध सत्रात त्या बाकाने आपणहून विचारलेला हा एकमेव प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मला ठामपणे 'हो' असं देता येतं.

माझा हुकमाचा एक्का मात्र वाढदिवसाचा. खोलीत फक्त २३ माणसं असली, तरी त्यांतल्या कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता निम्म्याहून जास्त भरते. चाळीस असली तर ८९ टक्के. लोकांना हे खरं वाटत नाही, म्हणूनच मला ते इतकं आवडतं. मी पैज लावतो, तारखा विचारत जातो, जोडी सापडते, टाळ्या पडतात आणि मी मान किंचित झुकवतो.

हाच प्रयोग मी नोकरी सांभाळून एम.बी.ए. करणाऱ्यांच्या संध्याकाळच्या बॅचला केला. चाळिशीकडे झुकलेली, दमून आलेली माणसं. मी नाट्यमय आवाजात म्हणालो, "या खोलीतल्या दोघांचा तरी वाढदिवस एकाच दिवशी आहे!" मागून शांतपणे आवाज आला, "एक जून ना, सर?" आणि पाच हात वर झाले.

कोणाला आश्चर्य वाटलं नाही, टाळीही पडली नाही. ज्या गावात जन्माचा दाखला नव्हता, तिथे पोराला शाळेत घालताना गुरुजींनी वय बसेल असं साल धरून एक जून लिहून टाकला. सूत्र म्हणतं वर्षाचे ३६५ दिवस सारखे. गुरुजी म्हणाले, एकच दिवस पुरे. माझे ८९ टक्के त्यांनी टाक उचलून शंभर करून ठेवले होते. त्या पाचांतले एक गृहस्थ तास संपल्यावर जिना उतरताना म्हणाले, "आई सांगते, ज्वारीची काढणी चालली होती तेव्हाचा तू. एक जूनला बँकेचा मेसेज येतो, विमावाल्यांचा येतो, ऑफिसात केकसुद्धा कापतात. आईचा फोन येत नाही. तिला माहितीये ना." मी काहीतरी विनोदी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं.

आता जरा चिडतो. एका मॅनेजमेंट कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन एक मुलगा आला होता. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'सरासरी पॅकेज ६ लाख'. वडिलांनी फीसाठी कर्ज काढायचं नक्की केलं होतं. त्याने विचारलं, "सर, सरासरी सहा म्हणजे निदान सहा तरी मिळतातच ना?" मी कागद ओढला. दहा मुलं धर. नऊ जणांना वर्षाला ३ लाखांची नोकरी लागली, दहाव्याला ३३ लाखांची. बेरीज ६०, भागिले १०, सरासरी ६ लाख. कॉलेज खोटं बोललेलं नाही. फक्त सहा लाख मिळालेला एकही मुलगा त्या दहांत नाही. सगळ्यांना रांगेत उभं करून मधल्याचा पगार विचारला, मीडियन काढला, तर तो तीनच.

त्याचे वडील मराठवाड्यात शेती करतात. देशभरातला मोसमी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के झाला की हवामान खातं त्याला 'सामान्य' म्हणतं. दोन दिवसांत कोसळून मग तीन आठवडे दडी मारलेला पाऊसही कागदावर सामान्यच ठरू शकतो, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. सरासरी ऐकून तो कधी पेरणी करत नाही. तोच माणूस कॉलेजची सरासरी ऐकून कर्जावर सही करतो, कारण ती इंग्रजीत आणि रंगीत छापलेली असते. आणि सरासरी हा काही पोरखेळ नाही. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गरिबीचा हिशेब मांडताना माणशी दिवसाला २२५० कॅलरींचा आधार घेतला. पुढे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले, की धडधाकट माणसाचीही गरज कमीजास्त होते, तेव्हा सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला उपाशी म्हणू नका. त्यावर दांडेकरांशी त्यांचा चांगलाच वाद झाला. उपाशी कोणाला म्हणायचं, हे सरासरीच्या एका रेघेवर ठरतं. ज्या विषयात एवढं सगळं आहे, त्यातून आम्ही पोरांच्या हातात पिशवी देतो. चेंडू काढ म्हणतो.

म्हणून मी चाचणीत चेंडूंचा एक प्रश्न काढून पॅकेजचा घातला. तेच दहा पगार, नाव-गाव काही नाही. सरासरी आणि मीडियन काढा, आणि कॉलेजने यांपैकी कोणता आकडा छापावा ते सकारण लिहा. बहुतेकांनी दोन्ही आकडे बरोबर काढून 'सरासरी छापावी, कारण ती जास्त आहे' असं लिहिलं. धंद्याचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

शेवटच्या बाकावरच्या एकाने, बहुधा त्याच बिअरवाल्याने, दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मीडियन ३. त्यांनी ६ छापलं, म्हणजे मुलाने मीडियन विचारायचा.' पायऱ्या नाहीत, सूत्र नाही, खिडकीबाहेर बघितल्याची खूण नाही. हेच सांगायला मी अख्खा फळा भरला असता आणि खाली दोन रेघा ओढल्या असत्या. मी त्याला पाचपैकी पाच दिले. 'लाख' हे एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापावा असं फार वाटत होतं.