खऱ्या प्रेमाचे परीक्षक

बीड जिल्ह्यात तालुक्याला एक तरी असे सर सापडतात. विषय मराठी, खिशाला लाल पेन, संध्याकाळी बैठक वाचनालयाशेजारच्या चहाच्या हॉटेलात. कादंबरीतलं, सिनेमातलं प्रेम खरं की खोटं, याचा निकाल ते देतात. पुनर्मूल्यांकनाची सोय नाही.

आमच्या अंबाजोगाईचे सर त्यातले कडक. खांडेकरांच्या ‘ययाति’ला 1974 साली ज्ञानपीठ मिळालं, पण सरांच्या हातून त्यातलं कुणी धड सुटलं नाही. "ययातीचं प्रेम तारुण्यावर. पोराचं तारुण्य मागून घेणारा माणूस बायकोवर काय प्रेम करणार? नापास! कच? विद्या मिळाली, निघाला. हा प्रियकर नव्हे, वसतिगृहातला पोरगा." शर्मिष्ठेला तेवढे पस्तीस, तेही काठावर.

‘सैराट’ला पूर्वार्धात त्यांनी सढळ हातानं गुण दिले. हैदराबादेत परशा आर्चीवर संशय घेऊ लागला, तसे भराभर कापले. "संशय आला की प्रेम गेलं!" मग शेवटाचे किती, असं पोरांनी विचारलं. सर म्हणाले, "शेवट तपासायचा कसा? घरच्यांनी पेपरच फाडला." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

देवही सुटत नाहीत. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, वाटेतच मुहूर्त टळला आणि देवी इथेच कुमारिका राहिली, ही आख्यायिका गावात शेंबड्या पोरालाही पाठ. सरांचा आक्षेप वैजनाथावर. "मुहूर्त टळला तर टळला! परळी इथून पंचवीस किलोमीटर. नवरदेवाला पुढं यायला काय झालं होतं? खरं प्रेम वाट बघत नसतं, चालू लागतं!"

एवढ्यात फोन वाजतो. "आवो, भाकरी गार व्हायल्यात." सर "निघालोच" म्हणतात आणि आणखी एक कटिंग सांगतात.

साडेनवाला घरी पोचल्यावर परीक्षा संपलेली नसते. "देवयानीचं प्रेम तुला खरं वाटतं का गं?"

"तिच्या हाताखाली दासी होती ना? मग सुचतं असलं."

"आणि योगेश्वरीचं?"

बाईंनी ताटावरचं झाकण काढलं. "तिचं बेस झालं. कुणाचं ताट झाकून साडेनवापर्यंत बसावं लागंना."