केळव्यातून डॉक्टर व्हायचं असेल तर

दहावीचा निकाल लागला की पालघरकडच्या आमच्या केळव्यात दोन गोष्टी भरून येतात, आभाळ आणि आईवडिलांचा ऊर. विज्ञानात बरे गुण पडलेल्या पोराने पुढे काय करायचं याबद्दल घरात दुमत नसतं. पोराचं असतं, पण त्याचं नाव अजून मतदार यादीत आलेलं नाही. तेव्हा बायोलॉजी घ्यायची, हे ठरलं. यंदाही अशी घरं असणारच, म्हणून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे ते एकदाचं लिहून ठेवतो. फुकट आहे. क्लासवाले याचेच पैसे घेतात.

सर्वांत आधी पेन्सिल. आकृती कोऱ्या पानावर, एचबी पेन्सिलने. नावं एका बाजूला, एकाखाली एक. नावांकडे जाणाऱ्या रेषांनी एकमेकींना ओलांडायचं नाही. हृदयाची झडप उलटी उघडली तरी एक वेळ चालेल, रोगी कागदाचा आहे. पण रेषेला रेषा छेदली की गुण गेला. शास्त्रीय नाव हाताने लिहिलं तर प्रजाती आणि जाती यांच्याखाली दोन वेगळ्या रेघा हव्यात. या रेघांवाचून बोंबील हा ‘हार्पाडॉन नेहेरियस’ होत नाही, नुसता बोंबीलच राहतो, आणि नुसत्या बोंबलाला गुण नसतात. तो मांडवावर वाळत घालणाऱ्या बाईला त्याचा जबडा, त्याचे दात, त्याची मऊ हाडं, कोणत्या वाऱ्यात तो नीट वाळतो आणि कोणत्या वाऱ्यात कुजतो, सगळं ठाऊक असतं. रेघ ठाऊक नसते. ती नापास.

दुसरी अपेक्षा अशी की शाळेत येता-जाता इकडे तिकडे बघायचं नाही. केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूची लांबच लांब रांग आहे. शनिवारी मुंबईहून आलेले पाहुणे तिला पाइन समजून फोटो काढतात. त्यांना हसायचा अधिकार आमच्या पोरांना नाही, कारण अनावृत्तबीजी वनस्पतींची उदाहरणं ती सायकस, पिसिया, थुजा, पायनस अशी एका दमात म्हणतात आणि त्यातलं सायकस रिसॉर्टच्या कुंडीत बघतात. सुरूला फुलं येतात. तो आवृत्तबीजी आहे. आपण ज्यांना सुया म्हणतो ती पानं नव्हेत, त्या पेरापेरांच्या हिरव्या काड्या. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावरचं खवल्यांचं बारीक कडं. मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात, म्हणून हे झाड निव्वळ वाळूत उभं राहतं. हा एवढा ऐवज वाटेवर पडलाय. परीक्षेत मात्र नायट्रोजन स्थिरीकरणाचं उदाहरण म्हणजे रायझोबियम आणि शेंगांच्या वनस्पती. तिथे सुरू लिहिलात तर तपासनीस बुचकळ्यात पडेल. त्याला गठ्ठा संपवायचा असतो.

पानवेलीचंही तेच. शाकीय प्रजनन शिकायचं ते बटाट्याच्या डोळ्यावर आणि पानफुटीच्या पानावर. केळवे-माहीमच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पानवेल लावतात ती वेलीच्या तुकड्यापासून. पण बाप वाडीत करतो ते काम आणि पुस्तकात छापतात तो अभ्यास, ही वर्गवारी लिनियसच्या वर्गीकरणाहून पक्की आहे.

प्राण्यांत मान झुरळाला. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात त्याला अख्खा धडा मिळालाय. ‘पेरिप्लॅनेटा अमेरिकाना’ नावाने अमेरिकन, मूळचं आफ्रिकेचं आणि राहायला आमच्या मोरीत. इतका प्रवास केलेल्याचा आदर झालाच पाहिजे. पापलेटाला शासनाने 2023 साली राज्यमाशाचा दर्जा दिला, धडा दिला नाही. मच्छीमारांच्या सातपाटीतल्या पोराने झुरळाच्या मुखांगांचे पाच भाग सांगावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. पापलेटाची पिल्लं जाळ्यात आली की पुढच्या हंगामाचं काय होतं ते त्याला घरी कळतंच, म्हणून मंडळाने तो भार शाळेवर टाकला नसावा. बेडूक तर साफ सुटला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली पदवीच्या वर्गांतूनही विच्छेदन हद्दपार केलं.

आता प्रात्यक्षिक. बारावीला लेखी 70, प्रात्यक्षिक 30. या तिसांसाठी जर्नल लागतं. जर्नल म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलीचं सुंदर अक्षरातलं जर्नल समोर ठेवून आपल्या अक्षरात केलेलं जर्नल. गेल्या वर्षीची मुलगी तिच्या आधीच्या मुलीची ऋणी असते. कांद्याच्या मुळाच्या टोकात पेशी विभाजनाच्या ज्या अवस्था कुणा पूर्वजाला दिसल्या असतील, त्याच आजतागायत सगळ्यांना दिसत आल्या आहेत. अनुवंशशास्त्राचा याहून चांगला दाखला पुस्तकातही नाही. परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात. त्यांना दुपारी सरंगा वाढला जातो आणि दिवसभरातलं एकमेव माशाचं विच्छेदन तेव्हा होतं, तेही काटा न मोडता. गुण त्यानंतर देतात. गणपतीच्या प्रसादासारखे, समोर हात आला की पडतात.

क्षेत्रभेटीचा अहवालही असतो. भेट नसली तरी तो असतो. परिसंस्था या विषयावर चिकटवही करायची तर स्टेशनरीच्या दुकानात अमेझॉनच्या जंगलाचा रंगीत तक्ता मिळतो. खाडीतली तिवरं चिखलातून श्वसनमुळं वर काढून उभी असतात, पण त्यांचा तक्ता निघालेला नाही. जैविक विशालन म्हणजे विषारी द्रव्य अन्नसाखळीत वर वर साचत जाणं, हे पाठ करून लिहायचं. शेजारी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं, हे उदाहरण देऊ नये. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ते दिलं, तर तिला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं. मासे का घटले, पाण्याचा रंग का बदलला, कुणामुळे, हे सगळं मच्छीमारांनीच मांडलं. हा या पट्ट्यातला जीवशास्त्राचा सर्वांत मोठा प्रकल्प. त्याला तिसांपैकी किती द्यायचे, याची तरतूद नियमावलीत नाही.

मानवी आरोग्याच्या धड्यात लस येते. जेन्नर, 1796, गाईची देवी, पाठ करा. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. त्याच रोगाची मानली गेलेली शीतलादेवी केळव्याच्या किनाऱ्याजवळ आपल्या देवळात आहे आणि आता डॉक्टरकीच्या ‘नीट’चे नवस ऐकते. रोगाचं निर्मूलन करता येतं, प्रवेश परीक्षेचं नाही.

कारण खरी बायोलॉजी तिथेच. नीटमध्ये 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, 90 प्रश्न, आणि ते एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या ओळीओळीवरून. म्हणजे राज्य मंडळाचं पुस्तक जर्नलला आधार म्हणून आणि दिल्लीचं पुस्तक पाठांतराला. दहावीपर्यंत मराठीतली तंतुकणिका जूनमध्ये मायटोकाँड्रिया होते ती वेगळीच. 2024 साली एकदम 67 जणांना पैकीच्या पैकी पडले, मग सुधारित निकालात ते 17 उरले. नैसर्गिक निवड इतक्या झपाट्याने होते हे डार्विनला माहीत नव्हतं. या शर्यतीसाठी पोरगा पहाटे केळवे रोडला गाडी पकडतो आणि पालघर, बोईसर किंवा विरारच्या क्लासात बसतो. कॉलेजात नाव असतं. पोरं क्लासात आणि वर्ग ओस, हे शासनाच्या लक्षात आलं तेव्हा 2018 साली विज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा फतवा निघाला. अंगठ्यावरच्या रेषा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, हे जीवशास्त्रातलं सत्य निदान त्या यंत्राला तरी वापरावंसं वाटलं.

एवढं वाचूनही तुमच्या पोराला ओहोटीला खडकांत जाऊन बसायची हौस असेल, खेकडा आडवाच का चालतो असे प्रश्न पडत असतील, तर त्याला वेळीच आवरा. प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीअखेरच सुरू होते. प्रमाणपत्राच्या पानावर सरांची सही नसेल तर बसू देत नाहीत. गेल्या वर्षीच्या त्या मुलीचं घर गावात कुठे आहे, ते आजच विचारून ठेवा; दिवाळीनंतर तिच्या दारात रांग असते.